प्रत्येकी की गटात? : सहलीच्या सॅकमधून वजनाचा पाठ (इयत्ता 4 थी व 5 वी)



डिसेंबर-जानेवारी म्हणजे सहलींचे दिवस. कुणी एक दिवसाची सहल काढतं, कुणी मुलांना घेऊन गडावर मुक्कामाला जातं. या लेखात मुक्कामाच्या सहलीसाठी मुलांची सॅक हलकी कशी भरायची ते पाहू. त्याच सॅकमधून ग्रॅम-किलोग्रॅमचा पाठ कसा घेता येतो तेही सांगते. पण आधी माझी एक चूक सांगावी लागेल, कारण हा पाठ तिच्यातूनच निघाला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेची अधिकृत सहल नव्हती. आम्ही काही शिक्षक आणि पालक मिळून, रीतसर संमतीपत्रं घेऊन, चौथी-पाचवीच्या मुलांना हरिश्चंद्रगडावर नेलं होतं. अकोले तालुक्यातल्या पाचनईतून वर जाणारी वाट त्यातल्या त्यात सोपी. मुलांना घेऊन रमतगमत गेलं तरी अडीच-तीन तासांत वर पोचता येतं. वाटेत एका बाजूला कातळाची भिंत डोक्यावर झुकलेली असते आणि दुसऱ्या बाजूला दरी. काही ठिकाणी रेलिंग आहे. मोठ्या माणसाला तिथं काही वाटत नाही. पण पाठीवर जड सॅक असलेलं लहान मूल तिथं कसं चालतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. मान पुढे, कंबर वाकलेली, नजर पायाखाली आणि दोन्ही हात सॅकच्या पट्ट्यांत अडकलेले. तोल गेला तर आधाराला हातच मोकळा नाही.

त्यात एक मुलगा होता, अंगानं बारीक. आरोग्य तपासणीत त्याचं वजन 26 किलो भरलं होतं. अर्ध्या वाटेत तो मागे पडला, मग पुन्हा बऱ्यापैकी चालू लागला. मला वाटलं, दम खाऊन ताजातवाना झाला. वर मंदिरापाशी पोचल्यावर त्याचं डोकं दुखायला लागलं आणि त्याला उलटी झाली. जलसंजीवनी पाजली, सावलीत झोपवलं. तासाभरानं बरा झाला. त्याची बाटली पाहिली तर कोरडी. बाटली लवकर संपली म्हणावी, तर त्याला पाणी पिताना कुणी पाहिलंच नव्हतं. विचारल्यावर आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "मॅडम, मी ओतून दिलं. लई जड होत होतं."

मी चिडले. म्हटलं, अरे, पाणीच का ओतलंस? दुसरं काही काढून माझ्याकडे द्यायचं!

तो म्हणाला, "बाकीचं सगळं आईनं मोजून दिलंय मॅडम. हरवलं तर ओरडंल. पाणी कुठं मोजलंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या दृष्टीनं हिशेब बरोबर होता. सॅकमधली एकच गोष्ट त्याच्या मालकीची होती आणि ती त्यानं टाकली. नेमकी तीच सगळ्यांत गरजेची होती.

परत आल्यावर किराणा दुकानातल्या काट्यावर त्याची सॅक ठेवली. पाणी नाही, खाऊ संपलेला, तरी 5 किलो 400 ग्रॅम. निघताना ती नक्की सात किलोच्या घरात असणार. 26 किलोच्या मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त! आत काय होतं? तीन पुडांचा स्टीलचा डबा. जीनची पँट. पंचा नाही, जाडजूड टॉवेल. दोन स्वेटर. नवी कोरी साबणाची वडी, पेस्टची मोठी ट्यूब, तेलाची बाटली. एक बॅटरी आणि तिचे जादा सेल. एक सुती चादर. आणि वाचून हसाल, पण स्वाध्यायाची एक वही.

सुरुवातीला माझा राग त्याच्या आईवर होता. मग घरी येऊन मीच काढलेलं सूचनापत्रक वाचलं. त्यात 31 वस्तू होत्या. वरच्या यादीतली वही सोडली तर बाकी सगळं त्या पत्रकात होतं, आणि वर ठळक अक्षरात मीच लिहिलं होतं, "प्रत्येक विद्यार्थ्याने खालील साहित्य सोबत आणणे आवश्यक आहे." त्या माउलीनं फक्त मॅडमचं ऐकलं होतं.

(डी.एड.ला असताना आमच्या पाठ टाचणात शैक्षणिक साहित्याचा रकाना असायचा. रकाना जितका भरगच्च, तितका पाठ चांगला, असा आमचा समज. ती सवय अजून गेली नव्हती म्हणायची.)

दुसऱ्या वर्षी पत्रक काढायच्या आधी मी हा प्रश्न मुलांपुढे ठेवला. त्याचे चार तास झाले. तुमच्या वर्गात करायचं म्हटलं तर पाठ टाचणात उद्दिष्टं साधारण अशी येतील: ग्रॅम-किलोग्रॅममधील बेरीज-वजाबाकी, दहाने भागाकार, अंदाज आणि प्रत्यक्ष मापन यांतला फरक. साहित्य म्हणाल तर एक वजनकाटा आणि घरातल्या वस्तू. पुस्तकात वस्तुमान म्हणतात आणि दुकानात वजन म्हणतात. चौथीत मी त्या फरकात शिरत नाही.

पहिला तास : आपल्या पाठीला किती झेपतं?

अंगणवाडीतला वजनकाटा मागून आणला. प्रत्येकाचं वजन केलं आणि ज्याच्या त्याच्या वहीत लिहिलं. फळ्यावर लिहिलं नाही. अंगानं जाड किंवा बारीक असलेल्या मुलांना त्यावरून चिडवलं जातं, म्हणून ही काळजी तुम्हीही घ्या.

मग सांगितलं की केंद्र सरकारच्या शालेय दप्तर धोरण 2020 मध्ये दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावं असं म्हटलंय. तिसरी ते पाचवीसाठी ते 1.7 ते 2.5 किलोच्या दरम्यान असावं असंही त्यात आहे. डोंगर चढणारी मोठी माणसं साधारणपणे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं घेतात. पण ती मोठी माणसं. आपण मुलांसाठी दहावा हिस्साच धरायचा असं ठरलं.

आता 28 किलोचा दहावा हिस्सा किती? अपूर्णांक नुकतेच शिकवले होते, तरी वर्ग अडला. मग एका मुलीनं वाट काढली, "मॅडम, 28 किलोचे 28000 ग्रॅम करू. दहानं भागू. 2800." म्हणजे 2 किलो 800 ग्रॅम. पुढची पंधरा मिनिटं प्रत्येकजण आपापलं उत्तर काढत होता. स्वतःच्या अंगाचा आकडा असल्यामुळे एकानंही शेजाऱ्याच्या वहीत पाहिलं नाही! गणिताच्या तासाला असं क्वचितच होतं.

त्याच तासाला त्यांची रोजची दप्तरं काट्यावर ठेवली. काय निघालं ते इथं लिहीत नाही. ज्याच्या त्याच्या घरी पालकांनी स्वतःच एकदा मोजून पाहावं.

दुसरा तास : अंदाज

मुलांना घरून सहलीला न्यायच्या वस्तू आणायला सांगितल्या आणि आधी हातात घेऊन अंदाज करायला लावला. मोठं दिसतं ते जड असतं असं मुलांना वाटतं. लोकरीची फुगलेली कानटोपी त्यांनी साबणाच्या वडीपेक्षा जड ठरवली. काट्यानं उलट सांगितलं. जीनची पँट कोरडी असताना तोलली, मग बादलीत बुडवून पिळून पुन्हा तोलली. आकडा पाहून मुलं ओरडलीच. जाड सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि थंडीत लवकर वाळत नाही. म्हणून गडावर जीन नको. शाळेची नेहमीची ट्रॅकपँट चांगली. हे मी आधी दहादा सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

पाणी मात्र वेगळं शिकवावं लागलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे मुलांना पाठ असतं. पण सॅकमधली सगळ्यांत जड वस्तू पाणीच आहे हे दिसल्यावर त्यांच्यातून लगेच सूचना आली, "मॅडम, मग पाणीच कमी करू!" तीन वर्षांपूर्वीच्या त्या मुलाचं नाव न घेता मी तेव्हा काय झालं ते सांगितलं. वर्ग शांत झाला. मग फळ्यावर 2800 मधून आधी 1100 वजा केले, एक लिटर पाणी आणि बाटली. उरलेल्या 1700 ग्रॅममध्ये काय बसवायचं ते बसवा म्हटलं. पालकहो, घरी सॅक भरताना हाच क्रम ठेवा. पाणी आधी भरा. ते शेवटी भरलं तर जागा आणि ताकद दोन्ही आधीच संपलेली असतात. शिवाय पाणी हे एकच ओझं असं आहे की जे चालता चालता कमी होतं.

तिसरा तास : तीन ढीग

बाकं मागे सरकवली आणि जमिनीवर खडूनं तीन गोल काढले. पहिल्यात "लागणारच", दुसऱ्यात "लागलं तर", तिसऱ्यात "आवडतं म्हणून". मुलांनी आपापल्या वस्तू त्यात नेऊन ठेवल्या. मग तिन्ही ढीग तोलले. दुसरा ढीग सगळ्यांत जड निघाला. जादा टॉवेल, जादा चपला, जादा शर्ट, छत्री (डिसेंबरात!), दोरी, मेणबत्त्या.

या ढिगाशी भांडण लांबलं. "लागलं तर" मधली एखादी वस्तू खरंच लागली आणि नसली, तर काय होईल? हा प्रश्न एकेका वस्तूला विचारत गेलो. दुसरा टॉवेल नसला तर ओल्या टॉवेलनं अंग पुसू. काही बिघडत नाही. बॅटरी नसली तर? अंधारात कातळावर पाय घसरेल. मलमपट्टीचं सामान नसलं तर? एका मुलानं अगदी वकिलासारखा मुद्दा काढला, "मागच्या वेळी पट्टी कुणालाच लागली नाही. मग ती पण वायाच गेली ना मॅडम?" मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं, "अरे, ती लागली नाही हे चांगलंच झालं की!" तेव्हा बॅटरी आणि मलमपट्टी दुसऱ्या गोलातून उचलून पहिल्यात गेल्या.

तिसऱ्या ढिगातून प्रत्येकी एक वस्तू न्यायची, 100 ग्रॅमच्या आतली, असं मी ठरवून टाकलं. काही शिक्षक मैत्रिणींना हे पटलं नाही. हलकी सॅक शिकवायची आणि वर गोट्या-बाहुल्या न्यायला परवानगी द्यायची? मला वाटतं द्यावी. सॅकमध्ये एक तरी वस्तू मुलानं स्वतः निवडलेली असली की उरलेली सॅकही त्याला आपली वाटते. ज्याला सॅक आपली वाटते, तो तिच्यातलं पाणी ओतत नाही.

आता खरा मुद्दा, तो "प्रत्येकी"चा. आम्ही 14 मुलं नेणार होतो. फळ्यावर मांडलं: पेस्टची ट्यूब 150 ग्रॅम, साबण 100 ग्रॅम, बॅटरी 200 ग्रॅम. प्रत्येकानं आणलं तर 2100 अधिक 1400 अधिक 2800, म्हणजे 6 किलो 300 ग्रॅम. एका रात्रीसाठी 14 ट्यूब! एका मुलीनं हिशेब केला की आपण सगळे मिळून दात घासायला दोन किलो शंभर ग्रॅम पेस्ट नेतोय, आणि वर्गात जो हशा पिकला तो थांबेना. आता गटात मांडलं. सगळ्यांत मिळून एक ट्यूब, एक साबण, आणि तिघांत एक याप्रमाणे पाच बॅटऱ्या. एकूण 1 किलो 250 ग्रॅम. वाचले 5 किलो 50 ग्रॅम. 14 ने भागले तर प्रत्येकाच्या पाठीवरून साधारण 360 ग्रॅम उतरले, आणि एकही वस्तू कमी झालेली नाही. भागाकार कशासाठी शिकायचा, हे मला त्या दिवशी सांगावं लागलं नाही.

यातून एक गोष्ट अशी झाली की जिचा मी आधी विचारच केला नव्हता. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे आईवडील द्राक्षबागेत मजुरीला जातात. पहिल्या वर्षी तो आला नव्हता. त्याच्या आजीनं सांगितलं होतं की पोराला बरं नाही. या वर्षी तो पहिल्यांदा नाव द्यायला आला. सहज विचारलं तर म्हणाला, "तेव्हा यादी लई मोठी होती मॅडम." यादीत बॅटरी होती, थर्मास होता, बूट होते. मी ती यादी मुलांची सोय व्हावी म्हणून केली होती आणि तिनंच एक मूल घरी ठेवलं होतं. नवीन यादीतल्या सगळ्या वस्तू त्याच्या घरी होत्या. सॅक म्हणजे शाळेचंच दप्तर, पुस्तकं काढून. हलकं सामान म्हणजे दुकानातलं महाग, खास सामान असा अनेक पालकांचा समज असतो. त्यांनी कृपया हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

चौथा तास : आजींचं गाठोडं

या तासाला एका विद्यार्थिनीच्या आजींना बोलावलं. त्या निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला पायी जातात. तीन आठवड्यांहून अधिक दिवसांची वाट. त्यांनी आपलं गाठोडं जसंच्या तसं आणलं होतं आणि मुलांनी ते सोडून एकेक वस्तू मांडली. एक जादा लुगडं, एक प्लास्टिकचा मोठा कागद, एक पातळ वाकळ, एक तांब्या, औषधाची डबी, बुक्का-अष्टगंधाची पुडी. बस्स! प्लास्टिकचा कागद पावसात डोक्यावर आणि रात्री अंगाखाली. तांब्या पाणी प्यायला आणि आंघोळीलाही. जड सामान दिंडीच्या गाडीत असतं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मुलांनी विचारलं, आजी, जेवायचं काय नेता? त्या म्हणाल्या, "जे वाटंत मिळतं ते घरनं कशाला न्यायचं रं?"

हे वाक्य मी लगेच कामाला लावलं. गडावर आणि पाचनईत काय काय मिळतं त्याची चौकशी केली. गडावर गावकऱ्यांच्या झोपड्या आहेत. तिथं पिठलं-भाकरी, चहा, पोहे मिळतात. आधी सांगून ठेवलं तर तंबू आणि अंथरूण-पांघरूणही मिळतं. म्हणजे मुलांच्या पाठीवरून डबे आणि चादरी गेल्या. त्यांचे पैसे गावकऱ्यांना मिळाले, ते वेगळंच. मात्र हे गृहीत धरू नका. फोन करून, माणसं किती ते सांगून, होकार घेऊनच निघा. गडावरच्या टाक्यांतलं पाणी मुलांना थेट प्यायला देऊ नका. आम्ही झोपडीतल्या मावशींकडून उकळून घेतलं होतं.

आता हिशेब जुळवायचा होता. 28 किलोच्या मुलीची सॅक आम्ही नमुना म्हणून घेतली. रिकामं दप्तर 450, पाणी आणि बाटली 1100, स्वेटर 350, कानटोपी आणि मोजे 120, कपड्यांचा एक जोड 350, पंचा 120, ताटली 150, शेंगदाणे-गूळ-चिक्की 200, आवडीची वस्तू 100. बेरीज 2940. मर्यादा 2800. म्हणजे 140 ग्रॅम जास्त. काय काढायचं? कुणी म्हणालं स्वेटर, कुणी म्हणालं चिक्की (त्याला इतरांनी लगेच गप्प केलं). शेवटी एकानं विचारलं, "मॅडम, झोपडीतल्या मावशी ताटं देत नाहीत का?" तिथंच फोन लावला. देतात म्हणाल्या. ताटली बाहेर आली. 2790. मर्यादेपेक्षा दहा ग्रॅम कमी! वर्गानं अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मग कळलं की प्रत्येक गटातल्या एकाला बॅटरी घ्यायची आहे, तर त्याचे 200 ग्रॅम वाढणार. यावर गटांनी आपापसांत तोडगा काढला. बॅटरीवाल्याचा खाऊ इतर दोघांनी उचलायचा. तो परत मिळाला की नाही, याची चौकशी मी केली नाही.

सॅक भरायची कशी हेही थोडं सांगते. एक किलोची मिठाची पिशवी हातात घ्या आणि हात समोर ताणून धरा. अर्ध्या मिनिटात खांदा भरून येतो. तीच पिशवी छातीशी धरा, काही वाटत नाही. वजन तेच, फक्त अंगापासूनचं अंतर बदललं. सॅकचंही तसंच. जड वस्तू पाठीला चिकटून, पाठीच्या मध्यापासून खांद्याच्या थोडं खाली इतक्या उंचीवर हव्यात. बाहेरच्या कप्प्यात जड काही ठेवलं की सॅक मागे ओढते. हलके कपडे तळाला आणि बाहेरच्या बाजूला. पट्ट्या इतक्या आवळा की सॅक कमरेखाली लोंबणार नाही, आणि दोन्ही खांद्यांवर घ्यायला लावा. शाळेच्या दप्तराच्या पट्ट्या खांद्यावरून घसरतात. छातीवर त्या दोन्हींना जोडून एक जुनी ओढणी बांधली की हात मोकळे राहतात. सॅकच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात कपडे भरा. बाटली बाजूच्या कप्प्यात, मुलाच्या हाताला येईल अशी. जे काढायला थांबावं लागतं, ते पाणी मुलं पीत नाहीत.

पत्रक घरी गेलं त्याच रात्री नऊ वाजता एका आईचा फोन. आवाज चढलेला. "मॅडम, डिसेंबरची थंडी आहे. गोधडी नको लिहिलंय तुम्ही. पोर गारठलं तर जबाबदार कोण?" खरं सांगू, प्रश्न बरोबर होता. हलकं करायच्या नादात ऊब कमी करायची नसते. गडावर डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते. मी त्यांना उपदेश केला नाही. वर पांघरूण किती मिळणार त्याचा आकडा सांगितला. मुलांच्या सॅकमध्ये स्वेटर, कानटोपी, मोजे आहेत ते सांगितलं, आणि आम्हा सहा मोठ्यांच्या पाठीवर जादा दोन ब्लँकेट असतील असा शब्द दिला. त्या म्हणाल्या, "तीन घ्या." तीन घेतली. पालकांची काळजी सॅकमध्ये उतरते ती अशी. ती नुसती "काही होत नाही हो" म्हणून बाहेर निघत नाही. जेवढी माहिती द्याल तेवढी ती हलकी होते.

सॅक मुलांनी स्वतः भरायची आणि पालकांनी फक्त बघायचं, एवढी विनंती पत्रकात होती. किती पालकांनी पाळली कोण जाणे. जीपमध्ये बसायच्या आधी प्रत्येक सॅक काट्याला लावली. 14 पैकी 11 मर्यादेत. उरलेल्या तिघांत एकाच्या सॅकमध्ये तळाशी फरसाणाची अर्धा किलोची पिशवी निघाली. त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. ती सगळ्यांनी जीपमध्येच संपवली.

त्या दिवशी चढताना मुलं बोलत होती. मागच्या वेळी वाटभर फक्त धापा ऐकू येत होत्या. या वेळी कातळाच्या भिंतीखाली थांबून वर पाहिलं, पक्षी दाखवले. केदारेश्वराच्या गुहेत चारपैकी एकच खांब उभा का, यावर वाद घातला. संध्याकाळी कोकणकड्यापासून लांब, सुरक्षित अंतरावर बसवलं तेव्हाही पाय दुखतात म्हणून कुणी कुरकुरलं नाही. द्राक्षबागेतल्या आईवडिलांचा तो मुलगा सगळ्यांत पुढे होता. त्याला सारखं मागे बोलवावं लागत होतं.

परत आल्यावर एक तास राखून ठेवा. तो चुकवू नका. वहीत दोन रकाने: वापरलं, वापरलं नाही. आठवड्यानं केलं तर मुलं विसरतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी. "वापरलं नाही" खाली सगळ्यांत जास्त वेळा आलेली वस्तू म्हणजे कंगवा. पुढच्या वर्षी तो "गटात एक"मध्ये जाईल, मुलींच्या हरकतीसह.

आणि एक राहिलंच. काट्याला सॅक लावायची वेळ आली तेव्हा मुलांनी माझीही लावायला लावली. 9 किलो 200 ग्रॅम भरली. माझं वजन विचारण्याचा त्यांचा हट्ट मी मान्य केला नाही, पण सॅक उघडावी लागली. औषधांची पेटी, संमतीपत्रांची फाईल, तिसरं ब्लँकेट, जादा पाणी हे सगळं त्यांनी पास केलं. मग निघाले दोन टॉवेल, एक छत्री आणि एक जाडजूड कादंबरी. छत्री कुणी बाहेर काढली आणि तेव्हा तो किती मोठ्यानं हसला, हे इथं लिहीत नाही. ती जीपमध्येच राहिली. कादंबरी मात्र मी "आवडतं म्हणून" मध्ये घातली. ती 100 ग्रॅमच्या वर जाते हे त्यांनी मला काट्यावर ठेवून दाखवलं.